सायकलीचे तारण

सायकल ही आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू आहे, अशी आमच्या पिढीची पक्की समजूत होती. एकदा घेतली की ती धाकट्या भावाकडे जायची, त्याच्याकडून भाच्याकडे आणि शेवटी गावाकडच्या एखाद्या काकांकडे, दुधाचे कॅन वाहायला. मालक बदलत, सायकल तीच राही. घेताना मात्र सोहळा असे. सरकारी कचेऱ्यांतून आणि इतरही अनेक ठिकाणी सायकल खरेदीसाठी बिनव्याजी उचल मिळे आणि ती पगारातून महिन्याच्या महिन्याला कापून घेतली जाई. नगरपालिकेचा कर भरून पत्र्याचा बिल्ला लावायचा, डायनॅमो बसवून घ्यायचा, मागे कॅरियर, खाली स्टँड, चेनला कव्हर, हँडलला घंटी. एवढे झाले की खरेदी संपली. त्यानंतर वर्षातून एकदा ‘ओव्हरऑइलिंग’ आणि अधूनमधून चाकाची ‘आउट’ काढणे, याखेरीज सायकलीवर पैसा खर्च करायचा असतो हे कोणाच्या स्वप्नातही येत नसे.

सातव्या वेतन आयोगाने बिनव्याजी उचली बंद कराव्यात अशी शिफारस केली आणि २०१६ साली केंद्र सरकारच्या नियमांतून सायकलीची उचल गेली. त्याबद्दल कोणी हळहळल्याचे ऐकिवात नाही. ज्याला सरकारी नोकरी होती त्याच्या दारात तोवर स्कूटर किंवा मोटार आलेली होती आणि ज्याला खरोखर सायकलीचीच गरज होती त्याला सरकारी नोकरी नव्हती.

गंमत अशी की, पुढच्या दाराने निरोप दिलेली ही सायकल साधारण त्याच सुमारास मध्यमवर्गाच्या घरात मागच्या दाराने परत आली. येताना ती नाव बदलून आली. आता तिला ‘रोड बाइक’ म्हणतात. हँडल बोकडाच्या शिंगांसारखे खाली वळलेले, सीट तळहाताएवढी, टायर अंगठ्याएवढे. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँड नाही, घंटीसुद्धा नाही. म्हणजे आम्ही ज्या ज्या गोष्टी जास्तीचे पैसे देऊन लावून घेत होतो, त्या सगळ्या काढून टाकायचे आता जास्तीचे पैसे पडतात! आणि मुख्य फरक हा की ही सायकल एकदा घेऊन संपत नाही. सायकल आणली की खरेदीला सुरुवात होते.

ही खरेदी जवळून पाहायची असेल तर मीरा-भाईंदरच्या काशीगावाइतकी सोयीची जागा नाही. दहिसरचा नाका मागे टाकून महामार्गाने उत्तरेकडे निघाले की उजव्या हाताला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसू लागतात आणि त्यांच्या पायथ्याशी हे जुने गाव लागते. आज ते इमारतींनी, गाळ्यांनी आणि हॉटेलांनी वेढले आहे. मे २०२५ मध्ये दहिसर ते काशीगाव अशी मेट्रोची चाचणी झाली, तेव्हापासून पेपरात त्याचे नाव अधूनमधून येते. पण मुंबईच्या सायकलवाल्यांना हे गाव आधीपासून ठाऊक आहे. इथून थोडे पुढे, खाडीच्या अलीकडे, रस्त्याला फाटा फुटतो. सरळ गेले की वसईची खाडी ओलांडून मनोर, चारोटी आणि थेट गुजरात. उजवीकडे वळले की घोडबंदर. पोर्तुगीजांच्या काळात हे घोड्यांच्या व्यापाराचे बंदर होते आणि तिथला किल्ला १७३७ साली मराठ्यांनी जिंकला. किल्ल्याच्या पुढे गायमुखचा छोटा घाट आणि मग ठाणे. पश्चिम उपनगरांतून निघून ठाण्यावरून पूर्व द्रुतगती मार्गाने घरी परतण्याचा वळसा कित्येकांच्या रविवारचा नित्यनेम झालेला आहे.

त्यामुळे सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत इथल्या चहाच्या टपऱ्यांवर हेल्मेटवाल्यांची गर्दी असते. त्यात तिशीतले संगणकवाले असतात, चाळिशीतले डॉक्टर असतात, पन्नाशी ओलांडलेल्या आणि गुडघ्यांची तक्रार नसलेल्या दोन-चार भगिनीही असतात. कटिंग चहाच्या दोन घोटांमध्ये जे संभाषण चालते, ते नव्या माणसाला परभाषेसारखे वाटावे. कोणी नवा ग्रुपसेट बसवलेला असतो. कोणी कार्बनची चाके घेतलेली असतात. कोणाच्या पायडलला बूट ‘क्लिक’ होतात, तर कोणी पायाचा जोर किती वॅट पडतो हे मोजणारे यंत्र लावून घेतलेले असते. परवा एकजण दुसऱ्याला अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगत होता की बाटली ठेवायचा पिंजरा बदलून त्याने वीस ग्रॅम वजन वाचवले. ऐकणाऱ्यानेही तितक्याच गांभीर्याने मान डोलावली. दोघांच्याही हातात त्या वेळी वडापाव होता.

मी आयुष्यभर बँकेत कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या. कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही तीन प्रश्न विचारत असू. हेतू काय? परतफेड कशातून होणार? आणि तारण काय? सायकलवाल्यांची ही खरेदी ऐकताना तेच तीन प्रश्न आपोआप डोक्यात येतात. चेष्टेने नव्हे. चार घरांत या खरेदीवरून नवरा-बायकोत अबोला धरलेला मी पाहिला आहे. तेव्हा हा प्रश्न घरगुती आहे आणि त्याचा नीट हिशेब मांडायला हवा.

पहिल्यांदा हेतू. सायकलीला गिअर देणारा जो संच असतो त्याला ग्रुपसेट म्हणतात. पुढचे दातेरी चक्र, मागची चक्रांची चवड, चेन, ती एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारे दोन हात, ब्रेक आणि ते सगळे चालवणारे हँडलवरचे खटके, असा हा संसार. जपानमध्ये ओसाकाजवळच्या साकाई शहरात १९२१ साली सुरू झालेल्या शिमानो कंपनीने या संचांची उतरंड लावून दिली आहे. क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, मग १०५, अल्टेग्रा आणि शिखरावर ड्युरा-एस. खालच्या पायऱ्यांवर अलीकडे ‘क्यूज’ नावाची नवी मालिका आली, तरी टपरीवरच्या माणसांच्या तोंडी ही जुनी नावेच आहेत. सरकारी बँकेत अधिकाऱ्यांचे जसे स्केल वन ते स्केल सेव्हन असतात, तसेच हे. आणि बँकेसारखेच इथेही आहे. खालच्या पायरीवरचा माणूस कामाला कमी पडतो असे नाही, पण वरच्या पायरीकडे पाहून त्याची झोप उडते. सोरावाल्याला १०५ हवा असतो. १०५वाल्याला अल्टेग्रा. २००९ साली शिमानोने ड्युरा-एसमध्ये विजेवर चालणारे गिअर आणले आणि २०२२ मध्ये ते १०५पर्यंत खाली उतरले. आता बोटाने कळ दाबली की गिअर पडतो आणि सायकलसुद्धा रात्री चार्जिंगला लावावी लागते. आमच्या पिढीला हे ऐकून हसू येईल. पण गिअरला हसणे ही तरी कुठे नवी गोष्ट आहे? ‘टूर द फ्रान्स’ या जगप्रसिद्ध शर्यतीच्या संस्थापकाचे मत होते की गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी असतात. त्या शर्यतीत चेन बदलणाऱ्या गिअरना परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली.

म्हणजे गिअर हे वय झालेल्या गुडघ्यांवर केलेले उपकार आहेत. गायमुखचा चढ साध्या काळ्या सायकलवरून चढताना माणूस उतरून सायकल हाती धरतो. योग्य गिअर असले की तोच माणूस बसल्या बसल्या, गप्पा मारत वर जातो. तेव्हा पहिला ग्रुपसेट हा गरजेचा असतो यात शंका नाही. प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्याचा आहे.

आता परतफेड. इथे जरा आकडेमोड करू. सत्तर किलोचा माणूस आणि दहा किलोची सायकल, मिळून ऐंशी किलो. चढावर माणसाची ताकद मुख्यतः हे वजन वर उचलण्यात जाते. चढ दहा मिनिटांचा, म्हणजे सहाशे सेकंदांचा धरला आणि एक किलो वजन कमी केले, तर फायदा ऐंशीव्या हिश्शाचा, म्हणजे साडेसात सेकंदांचा. आता कार्बनच्या चाकांचा एक जोड पन्नास हजारांना आणला आणि त्यात चारशे ग्रॅम वाचले असे समजू. ग्रॅमला सव्वाशे रुपये पडले. दहा मिनिटांच्या चढावर वाचले तीन सेकंद. सेकंदाला साडेसोळा हजारांहून अधिक! आमच्या शाखेत असा प्रस्ताव आला असता तर व्यवस्थापकांनी अर्जदाराला आधी पाणी दिले असते.

सपाट रस्त्यावर हिशेब वेगळा असतो. तिथे शत्रू वजन नव्हे, वारा. ताशी तीस किलोमीटरच्या वेगाला पायांतली सुमारे तीन-चतुर्थांश ताकद समोरची हवा बाजूला सारण्यात जाते. शिवाय हवेला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वीसवरून तीसवर जायचे तर वेग दीडपट, पण हवेसाठी लागणारा जोर तिपटीहून जास्त. म्हणून वारा कापणाऱ्या सांगाड्याच्या, खोल रिमच्या सायकली आल्या. पण त्यातही खोच अशी की वारा अडवण्याचे बहुतेक काम सायकल करत नाही, तिच्यावर बसलेला माणूस करतो. त्याची ढगळ पँट, फडफडणारा सदरा आणि ताठ छाती. कोपर थोडे वाकवून, पाठ सैल सोडून बसायला शिकला आणि अंगासरशी कपडे घातले, तर जे मिळते ते लाखाच्या सांगाड्यातून मिळणे कठीण. म्हणून जाणकार सांगतात की पहिला खर्च सायकल अंगाला बेतून घेण्यावर करा. सीटची उंची, हँडलचे अंतर, बुटाखालच्या पट्टीची जागा. शिंप्याकडे माप देतो तसे माप द्यायचे. गुडघा, कंबर आणि मनगट यांचे पुढचे डॉक्टरी बिल वाचते, ती खरी परतफेड.

पण मग ही शहाणी, शिकलेली माणसे सेकंदाला साडेसोळा हजार का मोजतात? मला वाटते, ती सेकंद विकत घेतच नाहीत. ती पहाटे साडेचारला उठण्याचे कारण विकत घेतात. नवे टायर लावलेला माणूस रविवारी झोपून राहत नाही. ज्याने बायकोला बिल अर्धेच सांगितले आहे, तो तर मुळीच राहत नाही! नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू आपापला वैद्यकीय व्यवसाय सांभाळून सायकल चालवत होते आणि २०१५ साली दोघांच्या संघाने त्यांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या मुदतीत पुरी केली. ती पुरी करणारे ते पहिले भारतीय. दोनच वर्षांनी, २०१७ साली, लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पार केली. ही नावे टपरीवर आदराने घेतली जातात. पन्नाशीला आलेल्या माणसाला ती नवा ग्रुपसेट घ्यायला उद्युक्त करत असतील, तर रक्तदाबाच्या गोळ्यांपेक्षा तो खर्च वाईट म्हणता येणार नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा वस्तू-सेवा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला, हे सांगायला प्रत्येकजण उत्सुक असतो. मी त्यावर वाद घालत नाही. बचतीचे कारण दाखवून खर्च वाढवणे हा मध्यमवर्गाचा जन्मसिद्ध हक्क आहे.

खरेदीच्या या गर्दीत ज्या दोन वस्तूंबद्दल फारसे कोणी बढाई मारत नाही, त्यांची परतफेड मात्र रोखीची आहे. पहिली टायर. तीस वर्षांपूर्वी रोड बाइकचे टायर तेवीस मिलिमीटर रुंदीचे असत आणि दगडासारखे टणक फुगवले जात. टणक टायर जोरात पळतो असा समज होता. रस्ता काचेसारखा असेल तर तो खरा, पण आपल्याकडे काच रस्त्यात नसते, रस्त्यावर असते. खडबडीत पृष्ठभागावर टणक टायर उड्या मारतो आणि त्या उड्यांत जोर वाया जातो. थोडा रुंद, थोड्या कमी हवेचा टायर खडबडीतपणा गिळतो आणि पुढे जातो. म्हणून आता अठ्ठावीस, तीस, बत्तीस मिलिमीटर अशी रुंदी वाढत चालली आहे. घोडबंदरपासून गुजरातच्या हद्दीपर्यंत महामार्गावर अलीकडे डांबराऐवजी काँक्रीटचा थर चढवला गेला. त्याच्या सांध्या-सांध्यावर बसणारा ठोका ज्याच्या मनगटांनी खाल्ला आहे, त्याला रुंद टायरचे महत्त्व सांगावे लागत नाही.

दुसरी वस्तू चेन. चेन झिजते म्हणजे तिचे सांधे सैल होऊन ती लांबते. बारा इंच लांबीमागे इंचाचा सोळावा भाग वाढला की नव्या, बारीक चेनींच्या बाबतीत ती बदलण्याची वेळ झाली. ती तशीच ओढत राहिली तर मागच्या चक्रांचे दाते खाते, आणि चक्रांची चवड चेनच्या दुप्पट-तिप्पट किमतीची असते. बँकेत याला आम्ही वेळेवर न भरलेला हप्ता म्हणत असू. मुद्दल लहान असते, दंड मोठा.

या चेनचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. सायकल पन्नास हजारांची असो वा पाच लाखांची, तिच्या चेनच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर बरोबर अर्धा इंच असते. रुंदी बदलली, धातू बदलला, पण हा अर्धा इंच शतकाहून अधिक काळ तसाच आहे. आणि काशीगावच्या नाक्यावरून त्याच पहाटे पाव घेऊन जाणाऱ्या माणसाच्या काळ्या सायकलीच्या चेनचेही तेच अंतर आहे. अर्ध्या इंचाचे हे नाते सोडले, तर दोघांमध्ये दुसरे काही सारखे नाही. फक्त रस्ता.

त्या दुसऱ्या सायकलवाल्याबद्दल आता बोलले पाहिजे. कारण या भागात त्याची संख्या कमी नाही. रात्रपाळी संपवून परतणारा सुरक्षारक्षक, पेपरची लाइन टाकणारा मुलगा, पाववाला, गाळ्यांत कामाला जाणारा कारागीर. त्याची सायकल वीस-बावीस किलोची. आंतरराष्ट्रीय शर्यतींच्या नियमात २००० सालापासून सायकलीचे वजन ६.८ किलोंहून कमी असता कामा नये असे बंधन आहे. याच्या बाबतीत तो प्रश्न कधी उद्भवायचा नाही. तोही खरेदी करतो. त्याच्याही सायकलीत सुधारणा होतात. त्याने कॅरियर बदलून जाड सळीचा घेतलेला असतो, कारण पावाचा क्रेट जुन्यावर झुकत होता. एका बाजूला कलणारा स्टँड काढून दोन पायांचा लावलेला असतो. सीटवर प्लास्टिकची पिशवी चढवलेली असते, पावसासाठी. पुढच्या ब्रेकचे रबर नवे असते, मागचे पुढच्या महिन्यात. त्याला कोणी विचारले तर तोही प्रत्येक वस्तूचा भाव आणि कारण सांगेल, आणि त्याचे प्रत्येक कारण बँकेला पटण्यासारखे असेल. हेतू स्वच्छ, परतफेड रोजच्या रोज.

फक्त त्याच्या सायकलीला दिवा नसतो.

पूर्वी असे. डायनॅमो टायरला घासून घरघरत असे आणि पायडल जड होई, तरी तो लावावाच लागे, कारण दिवा नसला की नाक्यावरचा पोलीस चाकातली हवा सोडून देई. त्या काळी त्याचा राग येत असे. मग डायनॅमो गेले, बिल्ले गेले, नाक्यावरचा पोलीस मोटारींच्या मागे लागला आणि सायकलीकडे बघणेच सर्वांनी सोडून दिले. केंद्र सरकारने २०२० साली सायकलींवरच्या परावर्तकांसाठी गुणवत्तेचा आदेश काढला, ही चांगली गोष्ट. पण ती नव्या सायकलींची. चौथ्या हातावर आलेल्या सायकलीचा लाल काचेचा तुकडा केव्हाच फुटलेला किंवा चिखलाने भरलेला असतो.

इथे तिसरा प्रश्न येतो, तारणाचा. बँकेच्या भाषेत तारण म्हणजे कर्जासाठी ठेवलेली मालमत्ता. पण शब्द मूळचा ‘तारणे’ या क्रियापदातला आहे. वेळ आली तर जे तारते ते तारण. हजारो रुपयांची चाके, लाखाचा सांगाडा, विजेचे गिअर यांतले काहीही पहाटेच्या महामार्गावर माणसाला तारत नाही.

मुंबईत जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सव्वासातच्या आसपास. म्हणजे साडेपाचला वर्षाचे बाराही महिने अंधारच असतो. रस्ता मोकळा म्हणून सायकलवाले ती वेळ निवडतात. आणि रस्ता मोकळा म्हणूनच ट्रक आणि मोटारी त्या वेळी वेगात असतात. ताशी साठच्या वेगाने येणारे वाहन सेकंदाला सोळा-सतरा मीटर कापते. पुढे काही आहे हे दिसून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर पंचवीस मीटर संपलेले असतात, आणि थांबायला सुरुवात त्यानंतर. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांचा टॅक्सीच्या धडकेने मृत्यू झाला. अडुसष्ट वर्षांचे होते. वेळ पहाटे सहाच्या आतली. ते नामवंत होते म्हणून ती बातमी पहिल्या पानावर आली. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत सायकलस्वार चार हजारांहून अधिक होते. त्यांच्यापैकी बहुतेकांची बातमी आतल्या पानावरसुद्धा आली नसेल. त्यांतल्या फारच थोड्यांच्या सायकलीला शिंगांसारखे हँडल असेल.

‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या असतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. आपल्याकडे त्या ‘ऑडॅक्स इंडिया रँडॉनर्स’ या संस्थेच्या छत्राखाली होतात. त्यांत कोणी पहिला-दुसरा येत नाही. वेळेत पोचला की झाले. सायकल कितीची आहे, कार्बनची की लोखंडाची, हे तिथे कोणी विचारत नाही. पण पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, अंगावर चमकणारा पट्ट्यांचा जॅकेट आणि डोक्यावर हेल्मेट याबाबत मात्र तडजोड नसते. शेकडो किलोमीटर चालवणाऱ्यांनी अनुभवाने ठरवलेला हा क्रम आहे. आधी तारण, मग बाकीचे.

तेव्हा ज्या घरांत नव्या चाकांवरून अबोला आहे, त्यांना एका निवृत्त बँकवाल्याची सूचना. खरेदीला नाही म्हणू नका, क्रम लावून द्या. पहिला मागचा दिवा, दिवसाही दिसेल असा, आणि त्याच्या सोबतीला दुसरा, पहिल्याची बॅटरी संपली तर. मग पुढचा दिवा, हेल्मेट, चमकणारे जॅकेट. मग सायकल अंगाला बेतून घेणे. मग टायर, ब्रेकचे रबर आणि चेन, झिजायच्या आत. एवढे झाल्यावर उरलेल्या पैशांतून ग्रॅम खुशाल विकत घ्या, आणि बिल पूर्ण दाखवा.

जे दुकानात मिळत नाही त्याचाही विचार व्हायला हवा. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११च्या सुमारास सायकलींसाठी वेगळी मार्गिका केली गेली आणि तिच्यावर मोटारी उभ्या राहिल्या. वेगळी मार्गिका हा लांबचा पल्ला झाला. काशीगावापासून घोडबंदरपर्यंतच्या रस्त्याची कड झाडून ठेवली, तिथले दिवे चालू राहिले, कडेची पांढरी रेघ दर पावसाळ्यानंतर नव्याने आखली आणि खड्डे वेळेवर भरले, तरी अनेक जीव वाचतील. दीड लाखाच्या सायकलवाल्याचे पत्र अधिकारी वाचतात. पाववाल्याचे पत्र येतच नाही. म्हणून ही मागणी टपरीवर ग्रॅमचा हिशेब करणाऱ्यांनीच लावून धरली पाहिजे, कारण त्यांना लिहिता येते, बोलता येते आणि रविवारी सकाळी त्यांना वेळही असतो.

आणि एक छोटी गोष्ट त्यांना आजच करता येईल. सीटखाली अडकवायचा साधा लाल दिवा तीन-चारशे रुपयांच्या आसपास मिळतो. बाटलीच्या त्या वीस ग्रॅम वाचवणाऱ्या पिंजऱ्याहून स्वस्त. पुढच्या वेळी आपल्यासाठी काही मागवाल, तेव्हा असा एक दिवा जास्तीचा मागवा आणि आपल्याच रस्त्यावर रोज दिसणाऱ्या एखाद्या काळ्या सायकलीच्या मालकाला विचारून, त्याच्या कॅरियरखाली, पावाच्या क्रेटने झाकला जाणार नाही अशा बेताने बसवून द्या. उपकार म्हणून नव्हे. तो अंधारात दिसला, तर त्याच्या मागून येणारा चालक सावध होतो, आणि सावध झालेला चालक पुढच्या सायकलवालाही पाहतो. तो पुढचा कदाचित आपल्या घरातला असेल.

आयुष्यभर मी दुसऱ्यांची तारणे तपासली. घरे, दागिने, शेअर, विम्याच्या पावत्या. त्या सगळ्यांत साडेतीनशे रुपयांत इतके काही तारणारी वस्तू माझ्या टेबलावर कधी आली नव्हती.